सातव्या दावणीचा लिंबाजी

या सदरातले अनुभव मी दोन वर्षांपासून वाचते. खरं सांगायचं तर विश्वास बसतो म्हणून नाही... वाचताना मी मनात म्हणत असते, हे झोपेत झालं असेल, हा तापाचा परिणाम असेल. आमच्या घरी अंगारे-धुपारे नाहीत, आजोबांनीच ते सगळं सोडलं. माझी आई तर म्हणते, "भुताला बी पानी लागतंय माय, आपल्या गावात कशाला ऱ्हाईल ते!" अशा घरातली मी. त्यामुळे हे लिहायला बसले तेव्हा दोनदा कागद फाडला. लोक हसतील असं वाटलं. पण सांगितल्याशिवाय चैनही पडत नाही. जसं झालं तसं लिहिते, मोठं करून काही लिहीत नाही.

आमचं गाव पालीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. नाव लिहीत नाही, कारण यात संस्थेचा विषय आहे. तेव्हा मी बीडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील पुण्याकडं एका कंपनीत वॉचमन. गावात आई, मी, एक गाय आणि एक म्हैस. त्या उन्हाळ्यात बिंदुसरेचं धरण तळाला गेलं होतं. लोक धरणाच्या पोटातून मोटारसायकल घालून पलीकडं जायचे. मग आमच्या सेवा सहकारी संस्थेनं रस्त्याकडेच्या माळावर चारा छावणी घेतली.

ज्यांनी छावणी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. बांबू रोवून वर हिरवी जाळी ताणलेली. खाली जनावरांच्या लांब रांगा, त्यांना आम्ही दावणी म्हणतो. अशा सात दावणी होत्या. सकाळी उसाचा ट्रॅक्टर यायचा, दुपारी टँकर. जनावर तिथं तर मालकही तिथं, असा नियम. त्यामुळे अर्धं गाव दिवसभर माळावर. बायका तिथंच निवडण-टिपण करायच्या, म्हातारे तिथंच भांडायचे. उन्हाळ्याची सुट्टी लागल्यापासून मी रोज आईबरोबर जायचे.

संस्थेचे सेक्रेटरी म्हणजे आमचे नाना. नात्यानं कुणी नाहीत, पण सगळं गाव त्यांना नानाच म्हणतं. ते कोपऱ्यातल्या तंबूत टेबल टाकून बसायचे. एकदा माझी वही बघून म्हणाले, "अक्षर बरं हाय की तुझं! दावणीच्या याद्या तू करत जा. माझं लिवलेलं मलाच कळंना गेलंय." तेव्हापासून मी रोज सकाळी दावणींमधून फिरून कोरे कागद भरायचे — मालकाचं नाव, गाव, मोठी जनावरं किती, लहान किती, काही खूण. नाना त्यावरून रजिस्टर करायचे.

आता लिहिण्याचा विषय, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

मला गोष्टी लिहायच्या होत्या. का ते सांगता येत नाही. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मी चौदा पानांची एक कथा आमच्या मराठीच्या सरांना दिली होती. सुट्टी लागायच्या आधी सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"या गोष्टीत माणूस कोण आहे?"

"शेतकरी, सर."

"त्याचं नाव काय?"

 चौदा पानांत मी त्याला नावच दिलं नव्हतं.

सर पानं उलटत म्हणाले, "भेगा पडलेली जमीन आहे. आभाळाकडं लागलेले डोळे आहेत. पानोपानी डोळ्यांत पाणी आहे. एवढं पाणी धरणात असतं तर बरं झालं असतं, नाही का?"

बाकीचे सर-मॅडम हसले. माझे कान तापले. आता पुन्हा काही लिहायचं नाही असं ठरवून मी वळले, तर सर म्हणाले, "थांब. रागावलीस का? रागावली असशील तर लिहिशील. तीन आठवडे रोज एक पान लिही. वेळ एकच, जागा एकच. गोष्ट लिहायची नाही. एक माणूस लिहायचा. त्याला नाव दे, गाव दे, तो नेमका कुठं बसतो ते ठरव. आणि त्याचं तोंड लिहू नकोस."

"तोंड का नाही, सर?"

"नाक-डोळे लिहिले की आपल्याला वाटतं माणूस झाला. तसा तो होत नसतो. हात लिही. हात दिवसभर काय करतात ते बघ, आणि तेवढंच लिही."

मी दुपारी दोनची वेळ धरली. टँकर येऊन गेलेला असायचा, माणसं कलंडलेली असायची. माझी जागा पाचव्या दावणीजवळच्या बांबूला टेकून. तिथून सातव्या दावणीचं टोक दिसायचं. पाण्याच्या टाकीजवळ दोन जनावरांपुरती जागा रिकामी होती, खुंट्या नुसत्याच ठोकलेल्या. माझा माणूस मी तिथं बसवला.

पहिल्या दिवशी काही सुचेना, म्हणून नानांच्याच कागदावर, यादीत लिहितात तसं लिहिलं : लिंबाजी सोपान. गाव टाकळी. मोठी जनावरं दोन. बैल — एक तांबडा, एक पांढरा. पांढऱ्याचं उजवं शिंग अर्धं. दावण सातवी, शेवट.

बस. एवढ्यावर तो दिवस संपला.

दुसऱ्या दिवसापासून मी वहीत लिहू लागले. ते फार अवघड गेलं. रोज लिहायचं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. तीन ओळी झाल्या की मी उठायचे, पाणी प्यायचे, परत बसायचे. परत उठायचे. आई म्हणायची, "मुंग्या चावायल्या का गं? बस की एका जागी!" शेजारच्या दावणीची सखूमावशी म्हणायची, "कुणाला चिठ्ठी लिवायलीस बाई रोज? जावई तरी कळू दे!" मी हसून वही झाकायचे.

चौथ्या-पाचव्या दिवशी हात आले. म्हणजे लिंबाजीचे हात. तो ऊस गुडघ्यावर मोडतो, एकाचे चार तुकडे करतो. बैलाच्या तोंडात देण्याआधी प्रत्येक तुकड्याची माती अंगठ्यानं पुसतो. त्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं आहे, कधीतरी हातोडा बसला असावा. बसायला चौपदरी पोतं घेतो आणि उठला की पोतं झटकून काखेत मारतो. दाव्याचं टोक आतल्या बाजूला खोचतो, बाहेर लोंबू देत नाही... हे मी कुणाचं बघून लिहिलं नव्हतं. थोडं आजोबांचं असेल, थोडं छावणीतल्या दहा जणांचं असेल. पण लिहिताना आपण आठवतोय असं वाटायला लागलं. दोन वाजायची वाट बघायला लागले. एखादं वाक्य खोटं पडलं की मला ते लगेच कळायचं, दाताखाली खडा आल्यासारखं. मग ते खोडायचं. सुख असेल तर तेवढंच होतं त्या उन्हाळ्यात.

दहा-बारा दिवस झाले असतील. आई गाईला पाणी दाखवता दाखवता म्हणाली, "त्यो सातव्या दावणीचा लिंबाजी हाय ना, लई निवांत मानूस. कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई."

माझ्या हातातली बादली तशीच राहिली.

"कोण लिंबाजी?"

"टाकीपाशी बसतो की. दोन बैलवाला. तूच तर रोज तिकडं बघत बसतीस!"

आईला वाचता येत नाही. माझी वही माझ्या पिशवीत. मी कुणाला एक ओळही वाचून दाखवली नव्हती. मी स्वतःला समजावलं — लिंबाजी हे नाव काय जगात एकच आहे का? आला असेल कुणी नवीन. बाहेरगावचे लोक यायचेच. पण मनात ते राहिलं. मी टाकीकडं गेले. माणूस नव्हता, बैल नव्हते. जमीन मात्र तुडवलेली होती आणि ओलं शेण होतं. म्हटलं, कुणी पाणी पाजायला आणलं असेल जनावर. दोन वाजता मी नेहमीसारखी लिहायला बसले. लिहिताना अधूनमधून तिकडं बघत होते. जागा रिकामीच. लिहिणं झालं की मी घागरी घेऊन गावातल्या टँकरवर घरचं पाणी भरायला जायचे ते चार वाजता परत. तेवढ्यात कोण येतं-जातं ते मला कसं कळणार?

आज वाटतं, तेव्हाच यादी बघायला हवी होती. सकाळी दावणीतून फिरताना सातवी मी टाकीच्या अलीकडंच संपवायचे, कारण पुढं कुणी नाही हे मला माहीत होतं. म्हणजे तसं मी धरून चालले होते.

मग तो दिवस आला. सकाळी नऊ-साडेनऊला नानांनी हाक मारली. चेहरा उतरलेला.

"तालुक्यावरनं पथक यायलंय. अचानक तपासनी. तू रजिस्टर घे अन् दावणीदावणीनं मोठ्यानं नावं वाच. माझा घसा बसलाय."

मी रजिस्टर उघडलं. सवयीनं शेवटचं पान आधी बघितलं. सातवी दावण, शेवटची ओळ — लिंबाजी सोपान. टाकळी. बैल दोन. पांढऱ्याचं उजवं शिंग अर्धं.

माझे शब्द. नानांच्या अक्षरात.

 मी मागची पानं उलटली. रोज तेच. पहिल्या दिवशीचा तो कागद मी याद्यांच्या गठ्ठ्यात तसाच ठेवला होता! नानांनी तो उतरवून घेतला. आणि त्यांची पद्धत अशी की कालची नावं आज तशीच खाली उतरवायची, नवीन कुणी आला तर तेवढा वाढवायचा. टाकळी नावाची गावं आमच्या जिल्ह्यात किती आहेत कोण जाणे, म्हणून त्यांनाही शंका आली नाही.

"नाना," मी म्हटलं, "ही शेवटची ओळ... हा माणूस नाहीये."

"न्हाई म्हंजे? घरी गेलाय?"

"नाहीच आहे. मी... मी गोष्टीसाठी लिहिला होता. कागद चुकून तुमच्याकडं आला."

नानांनी रजिस्टर ओढून ती ओळ वाचली. मग हळूच म्हणाले, "चारा निघतोय की गं रोज त्याचा."

"कोण नेतं?"

"मला काय ठावं? मी तंबूत. ट्रॅक्टरवाला वाटतो दावणीनं." त्यांनी टोपी काढली, परत घातली. "पोरी, काय करून बसलीस. जास्तीची जनावरं दावली म्हनत्याल. पलीकडच्या गावची छावणी कशापायी बंद पडली, ठाऊक हाय ना?"

मला माहीत होतं. आठवड्यापूर्वीच. तिथं कागदावर जनावरं जास्त आणि दावणीला कमी निघाली. दुपारच्या उन्हात माणसं जनावरं हाकत आमच्या माळावरून गेली होती. त्यांतली एक म्हैस आमच्या फाट्यावरच बसली ती उठली नाही. आमची गाय तर गाभण, दिवस भरत आलेले. घरी तिला दाखवायला तांब्याभर पाणी नव्हतं. चारशेच्या वर जनावरं त्या जाळीखाली होती, आणि माझ्या एका पानापायी...

"आपणच सांगू साहेबांना," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

"कोन ऐकंल? गोष्ट लिवली म्हनं! हसत्याल अन् शिक्का मारत्याल."

तेवढ्यात जीप फाट्यावर वळली.

पथकात तिघं होते. एक साहेब, एक मोजणारा, एक मोबाइलवर शूटिंग करणारा. साहेबांच्या हातात यादीची वेगळी प्रत होती, म्हणजे नाव गाळायची सोय नव्हती. मी वाचायला लागले. एक नाव वाचायचं, मालकानं "हजर" म्हणायचं, मोजणाऱ्यानं जनावरांच्या पाठीवर हात मारून मोजायचं. लोकांना गंमत वाटत होती. एक म्हातारा म्हणाला, "सायेब, म्हातारी बी मोजा, ती बी छावणीतच हाय!" म्हातारी म्हणाली, "मला लहान जनावरात लिवा, चारा कमी लागतोय मला." साहेबसुद्धा हसले.  तिसरी दावण झाली. पाचवी झाली. आईनं मला बघून "घाम किती आलाय गं" असं खुणेनं विचारलं. सातवी सुरू झाली तेव्हा मी रजिस्टरमधून डोळे वर केले नाहीत. शेवटचं नाव येईल आणि पुढं रिकाम्या खुंट्या असतील, मग मी काय म्हणायचं, एवढंच डोक्यात.

"लिंबाजी सोपान," मी वाचलं.  "टाकळी. मोठी जनावरं दोन."

"हाय."

मी वर बघितलं.

तो उठत होता. पोतं झटकून त्यानं काखेत मारलं. शेजारी तांबडा बैल आणि पांढरा बैल. पांढऱ्याचं उजवं शिंग अर्धं. दाव्याची टोकं आत खोचलेली. पायाशी उसाचे तुकडे, चार-चार केलेले. मी दहा-बारा फुटांवर होते. दिवसाढवळ्या, अकराचं ऊन, आजूबाजूला शंभर माणसं.

मोजणाऱ्यानं दोन्ही बैलांच्या पाठीवर थापा मारल्या. थापांचा आवाज आला, हे मी मुद्दाम लिहिते. साहेबांनी यादीवर खूण केली आणि सहज विचारलं, "टाकळी कोणती हो?"

मी ते लिहिलंच नव्हतं.

तो जरा थांबला. मग माझ्याकडं वळून साहेबांना म्हणाला, "ह्या ताईस्नी इचारा. त्येंनीच लिवलंय."

साहेब माझ्याकडं बघायला लागले. नाना माझ्याकडं बघायला लागले. सोळा दिवस मी वाक्यं खोडत होते, परत लिहीत होते, आणि आता एक शब्द हवा होता तोही लगेच. मी म्हटलं, "तलावाखालची."

"तलावाखालची टाकळी," साहेबांनी लिहून घेतलं. "ठीक."

त्यानं मान हलवली. जणू त्यालाही ते तेव्हाच कळलं.

आकडा जुळला. पथक चहा पिऊन गेलं. छावणी राहिली. नाना मला तंबूत घेऊन गेले आणि म्हणाले, "कावून गं माझी टर उडवतीस? मानूस न्हाई म्हनं! ह्या वयात हार्ट अटॅक आनतीस का मला?"

"नाना, तुम्ही त्याला आधी कधी बघितलं होतं?"

"आसंल की बघितलेलं."

"दिसायला कसा आहे तो?"

"कसा म्हंजे... मानसासारखा. अंगठ्याचं नख काळं हाय बघ त्याचं."

"तोंड, नाना. तोंड कसं आहे?"

नाना परत अंगठ्याच्या नखावरच आले. मी आईला विचारलं. आई म्हणाली, काखेत पोतं असतंय त्याच्या. सखूमावशी म्हणाली, ऊस लई ऐटीत मोडतो गुडघ्यावर. मिशी आहे का, काळा की गोरा, म्हातारा की तरणा — कुणालाच सांगता येईना. आणि मलाही येईना. त्यानं माझ्याकडं वळून बघितलं होतं! मला हात आठवतात. आवाज आठवतो. त्याच्या वर काही आठवत नाही. शूटिंग करणाऱ्यानं नानांना व्हिडिओ पाठवला होता, संस्थेकडं ठेवायला म्हणून. मी तो बघितला. सातव्या दावणीच्या टोकाला पांढरा बैल मान वर करतो आणि त्याच्यामागं माणूस झाकला जातो. शेवटपर्यंत.

ते बघून मी घाबरले. तोपर्यंत घाबरायला वेळच मिळाला नव्हता. त्या दिवशी दोन वाजता लिहायला बसले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वही पिशवीतून बाहेर काढली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातव्या दावणीच्या टोकाला आदल्या दिवशीचा ऊस तसाच पडलेला होता, कुणी न मोडलेला. खुंट्या मोकळ्या. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "कालपासनं दिसंना मानूस." आई म्हणाली, "गेला वाटतं गावाला. सांगून बी गेला न्हाई बघ." नानांनी रजिस्टरात त्याच्या नावापुढं 'जनावरे घेऊन गेले' असा शेरा मारला. तो ऊस सखूमावशीच्या म्हशीनं खाल्ला.

आमची गाय तिथंच व्याली. पाऊस पडला, छावणी मोडली. वर्गात टाकळीच्या दोन मुली आहेत, दोन वेगवेगळ्या टाकळ्यांच्या. दोघींच्याही गावात असा कुणी नाही. एकीचं गाव तलावाखाली आहे.

कॉलेज सुरू झाल्यावर मी वही घेऊन सरांकडं गेले आणि सगळं सांगितलं. सरांनी मधे एकदाही टोकलं नाही. मग म्हणाले, "चांगलं आहे. पण पथकाचा प्रसंग गोष्टीत घालू नकोस, कुणाला पटणार नाही."

"सर, ही गोष्ट नाहीये."

"बरं," सर म्हणाले. त्यांना ते पटलं नव्हतं. त्यांनी वही ठेवून घेतली आणि दोन दिवसांनी बोलावलं. या वेळी स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं. "हा माणूस जिवंत झालाय," ते म्हणाले. मला वाटलं होतं हे ऐकून खूप आनंद होईल. "फक्त एक राहिलंय. तू लक्ष दिलंस का? सोळा पानं आहेत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो राबतो. बैलांना ऊस, बैलांना पाणी, बैलांखालचं शेण. पण हा माणूस सोळा दिवसांत एकदाही जेवत नाही. पाणीसुद्धा पीत नाही."

मी वही उघडून पहिल्यापासून बघितली. खरंच नव्हतं. मुद्दाम नाही... माझ्या लक्षातच आलं नव्हतं. छावणीत रोज बारा वाजता आई फडकं सोडायची, मी जेवायचे, आणि मग दोन वाजता लिहायला बसायचे. पोट भरलेलं असायचं माझं.

शनिवारी गावी गेले. आई शेण थापत होती. मी विचारलं, "आई, त्या लिंबाजीला तू कधी जेवताना बघितलं होतंस?"

आईनं हात थांबवला. "न्हाई बघ. म्या दोन-तीनदा भाकर दिली की त्याला. म्हटलं, एकटाच दिसतोय, बायकू न्हाई सोबत. घ्यायचा. हातात धरून बघायचा, उलटी-सुलटी करून. जसं काय, ह्येचं काय करायचं असतंय ते कुनी सांगितलंच न्हाई त्याला. मग बैलाला घालायचा."

"आणि तू मला सांगितलं नाहीस!"

"आता त्यात काय सांगायचं? आसतेत काही मानसं लाजरी."

मी बरंच डोकं चालवलं आहे. कुणी बाहेरगावचा माणूस छावणीत घुसला असेल, फुकटचा चारा मिळतोय बघून यादीतल्या नावाला 'हाय' म्हणाला असेल. पण काखेतल्या पोत्याचं काय? नखाचं काय? ते तर मी फक्त वहीत लिहिलं होतं. की आधी तो येत होता आणि मीच नकळत त्याला बघून लिहीत होते? मग पहिल्या दिवशीचा कागद? एक बाजू लावली की दुसरी उसवते. ज्यांना काही कारण सुचेल त्यांनी जरूर कळवावं. मला सुचलेलं नाही.

त्या शनिवारी मी आईला आणखी एक विचारलं, "बैलवाला माणूस किती खात असेल गं एका वेळेला?"

"कामाचा गडी. तीन तरी लागत्याल."

दुपारी दोन वाजता मी वही घेऊन माळावर गेले. जाळी नव्हती, बांबूंचे खड्डे तेवढे होते, त्यांत पाणी साचलेलं. बसायला कोरडी जागा मिळेना, म्हणून उभ्यानंच लिहिलं. तो हात धुतो. पोतं अंथरतो. फडकं सोडतो. भाकर कशी मोडायची तेसुद्धा लिहिलं — दोन्ही अंगठे मधोमध ठेवून. ठेचा, कांदा, तांब्याभर पाणी. भाकरी तीन लिहिल्या. तो सावकाश खातो असं लिहिलं, आणि शेवटची भाकर संपेपर्यंत दुसरं काहीच त्याच्या हातांना करू दिलं नाही.